सहावा प्रयोग

फोन वाजला तेव्हा डोरीन पावलिक इमारतीच्या तळघरात, कपडे वाळवायच्या मशीनसमोरच्या बाकावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. फेब्रुवारीतला मंगळवार होता. मंगळवारी सकाळी तळघरात कुणी नसतं, म्हणून ती मंगळवारच धरायची. एक राखाडी मोजा सुटा पडला होता आणि त्याचा जोडीदार काही केल्या सापडत नव्हता.

"मिस पावलिक? मी तालिया ब्रॉडी. कॉलेजात नाट्यशास्त्र शिकवते. जुनी, विसरलेली संगीत नाटकं पुन्हा लोकांपुढे आणायचा उद्योगही करते. मला ‘हडसनवरचा बर्फ’बद्दल बोलायचं होतं."

डोरीनने मोजा मांडीवर ठेवला. एक्कावन्न वर्षांत ते नाव तिच्यापुढे कुणी काढलं नव्हतं.

"पडलं ते," ती म्हणाली. "सहा प्रयोगांत. त्यात बोलण्यासारखं काय आहे?"

"आता त्याला पडलेलं म्हणत नाही कुणी," तालिया हसून म्हणाली. "आता म्हणतात, काळाच्या फार पुढे होतं."

"नशीब त्याचं. मी आपली काळाच्या बरोबर राहिले, आणि इथे येऊन बसले."

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या मे महिन्यात ते नाटक चव्वेचाळिसाव्या रस्त्यावरच्या एका थिएटरात लागलं होतं. हिवाळ्यात गोठलेल्या हडसन नदीवरचा बर्फ करवतीने कापून शहराला विकणाऱ्या लोकांची गोष्ट. नायिका ॲग्नेस, तिचा नवरा बर्फ फुटून पाण्यात जातो आणि वरचा बर्फ पुन्हा मिटतो. दुसऱ्या अंकात ती त्या बर्फावर पालथी पडून, त्याला कान लावून गाते: ‘खाली कोण आहे?’ एका समीक्षकाने लिहिलं, मे महिन्यात बर्फ वितळणारच, तक्रार एवढीच की वितळायला तीन तास घेतो. बुधवारी पडदा वर गेला आणि रविवारी दुपारी शेवटचा खाली आला.

ॲग्नेसचं काम ऑगस्टा टील करायची. त्या वेळी तिचं नाव मोठं होतं. डोरीन होती तिची बदली नटी. पंचवीस वर्षांची. ऑगस्टाला ताप आला, पाय मुरगळला, तर उभं राहायचं म्हणून सगळी गाणी पाठ करून रोज थिएटरात हजर राहायचं, आणि रोज तशीच घरी परतायचं. सहाही प्रयोगांना ती तशीच परत आली. पुढे साबणाच्या दोन जाहिराती केल्या, कॅट्सकिलमधल्या एका हॉटेलात एक उन्हाळा गायली, आणि मग ती अजून राहते त्या सनीसाइडमधल्याच एका शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं उशिरा येणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारले. लग्न झालं नाही. आई होती, ती एकोणनव्वद साली गेली.

"शेवटच्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण सापडलंय," तालिया सांगत होती. "कुणीतरी बाल्कनीत कोटाखाली टेपरेकॉर्डर लपवून नेला होता. वारल्यावर त्याच्या घरातून निघालं. आम्ही ते इंटरनेटवर टाकलं. चार लाख लोकांनी ऐकलंय, मिस पावलिक. तुमचं ‘खाली कोण आहे?’ ऐकून लोक रडतात."

"माझं नाही," डोरीन म्हणाली. "ऑगस्टाचं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला.

"शेवटच्या प्रयोगाला तुम्ही होतात," तालिया समजुतीच्या सुरात म्हणाली. वयस्कर माणसांशी लोक हल्ली तसंच बोलतात. "ऐका तर एकदा."

*

डोरीनने ते स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून ऐकलं. बाहेर पुलावरून सात नंबरची रेल्वेगाडी गेली की खिडकीची काच थरथरायची, तेव्हा ती टेप थांबवायची आणि गाडी गेली की पुन्हा लावायची.

आधी खरखर आणि खोकले. मग नुसती बासरी, अगदी खालच्या पट्टीत. मग आवाज.

डोरीनला गाणं शिकवणाऱ्या मॅडम तिच्यावर एका गोष्टीसाठी कायम ओरडायच्या: वरच्या सुरावर जायच्या आधी, ओळ तोडून, ती एक चोरटा श्वास घ्यायची. ‘उंबऱ्यावर अडखळतेस तू’, असं म्हणायच्या. ऑगस्टा टील कधी अडखळली नाही. तिचा दम घोड्याचा होता.

टेपवरचा आवाज वरच्या सुराकडे निघाला, आणि त्या आधी ओळ तोडून त्याने एक चोरटा श्वास घेतला.

डोरीनने ती जागा अकरा वेळा ऐकली. मग उठून गॅस बंद केला. चहाचं पाणी केव्हाच आटून गेलं होतं आणि भांडं तळाशी काळं पडलं होतं.

त्या रविवारी काय झालं, ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दीड वाजेपर्यंत ऑगस्टाचा पत्ता नव्हता. रंगमंच सांभाळणारा एमेट ड्रिस्कॉल चौथ्या मजल्यावरच्या डोरीनच्या खोलीत धापा टाकत आला आणि म्हणाला, "कपडे चढव. आज तू." तिने खाली धावत जाऊन नाक्यावरून आईला फोन केला. आई हातातलं टाकून, कोटाची बटणंही न लावता सबवेने निघाली. डोरीनने लोकरी घागरा घातला, केसांचा टोप पिनांनी बसवला. दोनला पाच कमी असताना दार उघडलं. दारात ऑगस्टा. अंगाला जिनचा वास, डोळे कोरडे. ती एवढंच म्हणाली, "दे ते इकडे."

पुढचे तीन तास डोरीन त्याच खोलीत, अंगात नुसता आतला परकर, खुर्चीवर बसून होती. भिंतीवर एक स्पीकर होता, त्यातून रंगमंचावरचं सगळं ऐकू यायचं. ऑगस्टा टील त्या दुपारी जशी गायली, तसं डोरीनने त्या आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. थिएटरं निम्मी रिकामी असतात तशा एका दुपारी, दुसऱ्या दिवशी मोडीत निघणाऱ्या नाटकात, ती बाई स्वतःला सोलून काढावं तशी गायली.

आई घरी आली ती सहा वाजता. कोट काढता काढता म्हणाली, "बाई चांगली गाते गं." आणि बटाटे सोलायला बसली.

*

तालियाच्या कचेरीत खिडकीला लागून कागदांची खोकी रचलेली होती. तालिया चाळिशीची, आखूड केसांची, घाईघाईने बोलणारी बाई. तिने डोरीनला बसायला खुर्ची मोकळी करून दिली आणि एक कागद पुढे ठेवला.

"ड्रिस्कॉलच्या मुलीने त्याच्या वह्या आम्हाला दिल्या. रोजच्या प्रयोगाचा अहवाल लिहायचे ते."

हिरवी शाई. एमेट हिरव्या शाईनेच लिहायचा, आणि त्यावरून सगळे त्याची थट्टा करायचे. रविवार, सहावा प्रयोग. पहिला अंक एक तास बावीस मिनिटं. करवतीची मूठ निघाली, बदलली. ॲग्नेस: मिस टील यांच्याऐवजी मिस पावलिक. आणि खाली, एरवी हवामान आणि खोळंबे यापलीकडे अक्षरही न लिहिणाऱ्या एमेटने लिहिलं होतं: ‘आज लोक उठून उभे राहिले.’

"हे खरं नाही," डोरीन म्हणाली.

"काय खरं नाही?"

"मी वर होते. चौथ्या मजल्यावर. ऑगस्टा आली होती ऐन वेळी. एमेट चुकला असेल."

"मिस पावलिक, मी नऊ जणांशी बोललेय. बासरीवाले सॉल रूबिन अजून आहेत, ब्रूकलिनला. ते म्हणाले, त्या दिवशी ती पोरगी आमच्यासाठी न थांबता गायली आणि आम्ही तिच्यामागे पळालो. बाल्कनीतले दोघे आहेत. कपडेपटातली बाई आहे. ऑगस्टा टील त्या दिवशी गायली असं म्हणणारं मला एकही माणूस भेटलेलं नाही."

"मी भेटलेय ना."

तालियाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया होती. डोरीनला दयेची चीड होती. शाळेत नापास पोरांच्या आया यायच्या तेव्हा मुख्याध्यापिका त्यांच्याकडे अशीच बघायची.

"तुम्हाला त्या नाटकाचा राग असणार," तालिया हळूच म्हणाली. "एवढं गायलात आणि पुढे काहीच झालं नाही. माणूस अशा गोष्टी मनातून पुसून टाकतो."

"काही झालंच नाही, तर पुसायचं काय?"

"एप्रिलमध्ये आम्ही अख्खं नाटक वाचनरूपात करतोय. तुम्ही या. दोन शब्द बोला. बाकी काही नको."

डोरीन उठली. दारापाशी तिला आठवलं आणि तिने विचारलं, "ऑगस्टा आहे का अजून?"

"न्यू जर्सीत, वृद्धाश्रमात. मी फोन केला होता. बोलायला तयार नाहीत."

*

त्या संध्याकाळी तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून आईचा बिस्किटांचा डबा काढला. त्यात आईच्या पिना, जपमाळ, प्राग सोडतानाचा कागद, आणि नाटकाची पत्रिका होती. आई गेली त्या वर्षी डोरीनने तो डबा पहिल्यांदा उघडला, आणि नंतरही दर वर्षी आई गेली त्या तारखेला उघडायची. पत्रिका तिने पानोपान पाहिली होती. ऑगस्टाचा मोठा फोटो, आणि शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत स्वतःचं नाव.

तिने पत्रिका उघडली आणि आतून एक चिठ्ठी खाली पडली.

छापील, बोटभर रुंद. काम बदललं की पत्रिकेत घालतात तशी. ‘आजच्या प्रयोगात ॲग्नेसची भूमिका डोरीन पावलिक करतील.’ कागद पिवळा पडला होता. एका कोपऱ्याला टाचणी टोचलेली होती आणि तिचा गंज कागदात उतरून पत्रिकेच्या पानावरही उमटला होता, जसा पन्नास वर्षांत उमटतो तसा.

डोरीनने टाचणीच्या डागावरून बोट फिरवलं. बोटाला तांबूस भुकटी लागली.

चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. आईचं इंग्रजी शेवटपर्यंत कच्चं राहिलं, म्हणून मनातलं काही असलं की ती चेक भाषेतच लिहायची. दोनच शब्द होते. ‘माझी डोरी.’

ती खूप वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. बटाटे सोलतानाची आई तिला स्पष्ट दिसत होती. ‘बाई चांगली गाते गं’ हे शब्द ऐकू येत होते. आणि हातात हा कागद होता. दोन्ही खरं असू शकत नव्हतं. तिने कागद नाकाशी नेला. त्याला आईच्या पर्सचा वास येत होता, पुदिन्याच्या गोळ्यांचा.

*

वृद्धाश्रम पॅटरसनच्याही पुढे होता. दोन बस बदलून डोरीन तिथे पोचली तेव्हा जेवणं आटोपली होती आणि सगळीकडे उकडलेल्या गाजरांचा वास भरला होता. लूझ नावाची फिलिपिनो परिचारिका तिला आत घेऊन गेली.

"त्यांचा आवाज फार बसलेला आहे हं," ती वाटेत म्हणाली. "जवळ बसा. घशाचं ऑपरेशन झालं होतं म्हणे तरुणपणी. तेव्हापासून असंच कुजबुजल्यासारखं बोलतात."

"ठाऊक आहे मला," डोरीन म्हणाली.

नाटक बंद झाल्यावर वर्षभरात ती बातमी आली होती. घशात गाठी. ऑपरेशन फसलं. ऑगस्टा टील त्यानंतर गायली नाही. ती बातमी डोरीनने शाळेच्या कचेरीत वाचली, पेपर घडी करून कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि त्यावर उरलेली कॉफी ओतली. का ओतली, ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

खिडकीशी चाकाच्या खुर्चीत अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई बसली होती. हाडांवर कातडी उरलेली, पण मान तशीच ताठ. तिने डोरीनला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हातारी झालीस," ती घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाली. "मला वाटलं, तू तरी राहशील नीट."

"मिस टील, मला एकच विचारायचंय. शेवटच्या रविवारी कोण गायलं?"

ऑगस्टाने ओठ मुडपले. "एवढ्या लांब हे ऐकायला आलीस? कौतुक करून घ्यायला? तू गायलीस. आणि काय गायलीस गं सटवे! मला काय तोंड राहिलं मग?"

"तुम्ही आला होतात. दोनला पाच कमी होते. माझ्या अंगातले कपडे उतरवून घेतलेत."

"आले होते. दारापर्यंत. तू टोप घालून आरशासमोर उभी होतीस. वळून म्हणालीस, ‘आता उशीर झाला, मिस टील.’ आणि गेलीस खाली माझ्या अंगावरून. मी तिथेच बसले. चौथ्या मजल्यावर, त्या तुझ्या घाणेरड्या खोलीत. खुर्चीचा एक पाय आखूड होता."

खुर्चीचा एक पाय आखूड होता. ऑगस्टा टील त्या पाच दिवसांत त्या खोलीत एकदाच आली होती, आणि बसली नव्हती.

"भिंतीवर तो स्पीकर," ऑगस्टा सांगत राहिली. "त्यावर कुणीतरी शाईने मिशा काढल्या होत्या. तू वरच्या सुराला गेलीस आणि मी उठले. त्या स्पीकरला तोंड लावलं. आणि एक बोलले. आजपर्यंत कुणापाशी बोलले नाही, पाद्र्यापाशीसुद्धा नाही."

मिशा डोरीनने स्वतः काढल्या होत्या, गुरुवारी, कंटाळून. आणि पुढचं वाक्य तिला ठाऊक होतं. शब्दन् शब्द ठाऊक होतं.

"मी म्हटलं, देवा, हिचा आवाज काढून घे. पुन्हा कधी देऊ नकोस."

खिडकीबाहेर कुणीतरी पालापाचोळा गोळा करत होतं. दाताळ्याचा खरडल्यासारखा आवाज येत होता.

"आणि उलटं मलाच लागलं बघ," ऑगस्टा म्हणाली. "तुला काही झालं नाही. पन्नास वर्षं मी मनात म्हणतेय, ही बाई कधी समोर आली तर माफी मागेन." तिने सुरकुतलेला हात पुढे केला. "माफ कर मला, पोरी."

आता सांगायचं होतं. ते मी बोलले होते, तुम्ही नाही. तुम्ही खाली होतात, तुम्ही गात होतात, तुमच्यासारखं कुणी गायलं नाही, आणि मी वर बसून तुमचा आवाज मागून घेतला. पन्नास वर्षं डोरीन हे एका माणसाला सांगायला थांबली होती, आणि ते माणूस समोर हात पसरून बसलं होतं.

डोरीनने तो हात हातात घेतला.

"जाऊ दे हो," ती म्हणाली. "झालं ते झालं. मी मनात ठेवलेलं नाही."

ऑगस्टाच्या डोळ्यांतून पाणी आलं. लूझने पुढे होऊन ते पुसलं. निघताना डोरीनने लूझला आपला फोन नंबर लिहून दिला. काही लागलं तर कळवा म्हणाली.

*

कार्यक्रम एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी होता, दुपारी दोन वाजता, डाउनटाउनमधल्या एका जुन्या चर्चच्या सभागृहात. दोनशे खुर्च्या होत्या आणि लोक भिंतींना टेकून उभे होते. निम्मे पंचविशीतले, गाणी तोंडपाठ असलेले. पुढच्या रांगेत त्या वेळचे चार-पाच म्हातारे. त्यांत काठीवर हनुवटी टेकून बसलेला बासरीवाला सॉल रूबिन. वर्तमानपत्रांतले लोकही आले होते. पन्नास वर्षांपूर्वी ज्या पेपराने बर्फाची थट्टा केली होती, त्याच पेपराने त्या सकाळी अर्धं पान दिलं होतं. त्यात ऑगस्टा टीलचं नाव एकदाच आलं होतं, चुकीच्या स्पेलिंगने.

डोरीनच्या पर्समध्ये घडी केलेला कागद होता. आठ दिवस खपून लिहिलेला. ‘त्या दिवशी मी गायले नाही. ऑगस्टा टील गायली.’ पहिल्या दोन ओळी याच होत्या. बाकीच्या नाही वाचल्या तरी चालणार होतं.

दुसऱ्या अंकाच्या आधी तालियाने तिचं नाव पुकारलं.

पायऱ्या चार होत्या. ती वर पोचायच्या आतच खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सगळे उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. एक मुलगी ओठांवर हात धरून रडत होती.

डोरीन मायक्रोफोनपाशी उभी राहिली. पर्स उघडली. कागद हाताला लागला. त्याच्या बाजूला ती पिवळी चिठ्ठी लागली.

माझी डोरी.

तिने पर्स बंद केली.

"हो," ती म्हणाली. "त्या दिवशी मीच होते."

टाळ्या पुन्हा उसळल्या. आणि त्या आवाजात तिला थंडी वाजली. पोटाला, छातीला, गालाला. लाकडाची थंडी. ती पालथी पडली होती. नाकात रंगवलेल्या कॅनव्हासचा आणि सुक्या बर्फाच्या धुराचा वास होता. निळा दिवा डोळ्यांत जात होता. ती हे सगळं बोलून दाखवत होती. आपलाच आवाज तिला जरा लांबून ऐकू येत होता.

"पुढे वाद्यवृंदात अंधार होता," ती म्हणाली. "फक्त संचालकाचा डावा हात दिसायचा. त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती. पांढरी. मी तिच्याकडे बघत गायले."

"पट्टी!" सॉल रूबिन काठी आपटत उठला. "बरोबर! दुपारी डबा उघडताना कापलं होतं! अरे, हे फक्त पुढून दिसायचं!"

डोरीनने ती पट्टी कधी पाहिली नव्हती.

पाहिली होती.

तिने चौथ्या मजल्यावरची खोली आठवून पाहिली. खुर्ची आठवेना. स्पीकर आठवेना. बटाटे सोलणारी आई आठवली, पण आता आईने मान वर केली होती, सुरी खाली ठेवली होती, आणि ती काही न बोलता डोरीनचा चेहरा दोन्ही हातांत धरत होती. हात ओले होते. त्यांना बटाट्याच्या सालींचा वास होता.

डोरीन खाली उतरून खुर्चीवर बसली. तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. दुसरा अंक सुरू झाला. तरुण नटीने ‘खाली कोण आहे?’ म्हटलं, आणि वरच्या सुराआधी डोरीनसारखाच चोरटा श्वास घेतला. टेप ऐकून शिकली होती.

पर्समधला लिहिलेला कागद तिने स्टेशनवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. तालियाने घरापर्यंत गाडी देऊ केली होती, पण तिला एकटीने यायचं होतं. वाटेत ती कुणाशी बोलली नाही. दुकानात दूध घेतलं, पैसे ठेवले, मान हलवली. घरी आल्यावर पाय गरम पाण्यात घालून बसली आणि खुर्चीतच तिचा डोळा लागला.

*

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला फोन वाजला.

"मिस पावलिक? मी लूझ बोलतेय, पॅटरसनहून. घाबरू नका, वाईट बातमी नाहीये. उलट... मला कळत नाहीये कुणाला सांगावं. त्यांचं कुणीच नाही ना, म्हणून तुम्हाला फोन केला."

डोरीनने फोन कानाशी घट्ट धरला.

"मिस टील गातायत. काल दुपारपासून. साडेतीन वाजले असतील, मी औषधं देत होते, आणि एकदम सुरू केलं. डॉक्टर येऊन गेले. घशात बॅटरी टाकून बघितली. म्हणाले, इथे गाण्यासारखं काही उरलेलंच नाही. पण त्या गातायत. थांबा, दार उघडते. ऐका."

दार उघडल्याचा आवाज आला. चाकं करकरली. मग एक आवाज आला, भरलेला, तरुण, कुठेही न अडखळता वरच्या सुरापर्यंत एका दमात चढत गेलेला. खाली कोण आहे? वर मी आहे. खाली कोण आहे?

डोरीनने पन्नास वर्षं ज्याची आठवण काढली होती तो हाच आवाज. ती ओट्याला धरून उभी राहिली.

ती म्हणाली, "लूझ, त्यांना सांगा, मी ऐकतेय."

"मिस पावलिक? ऐकताय ना?"

ती म्हणाली, "ऐकतेय. त्यांना सांगा, मी चुकले. फोन त्यांच्या कानाला लावा."

"हॅलो? मिस पावलिक?"

ती ओरडली. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि स्वयंपाकघरात फक्त फोनमधलं गाणं.

पलीकडे दुसऱ्या कुणीतरी बाईने काहीतरी विचारलं. लूझने बहुतेक फोनवर हात ठेवला, पण नीट ठेवला नसावा. तिचं बोलणं गाण्याच्या मागून ऐकू आलं.

"नाही गं, कट नाही झाला. चालू आहे. श्वास ऐकू येतोय."